किल्ली एसीसीवर अडकली, रात्रीत बॅटरी उतरली आणि सकाळी किल्ली आपोआप निघाली. हे नेमकं काय झालं?

कोकणवाट | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात गुहागरला सासुरवाडीला गेलो होतो. तिथे जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण अजून मला त्याचा उलगडा झालेला नाही.

गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक हॅचबॅक, सहा वर्षांची, बटनवाली नाही, किल्लीची. संध्याकाळी साडेसातला अंगणात गाडी लावली, लिव्हर पार्कवर टाकली, इंजिन बंद केलं. किल्ली ऑनवरून एसीसीवर (इंजिन बंद, पण स्क्रीन-टेप चालू राहतो तो टप्पा) आली आणि तिथेच थांबली. पुढे लॉकवर जाईना, बाहेर निघेना. समोरचा स्क्रीन चालूच. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून पाहिलं, इंजिन चालू करून पुन्हा बंद केलं, ब्रेक दाबून पाहिला, किल्ली आत दाबून फिरवली. काही नाही.

नाना (सासरे) खोबरेल तेलाची वाटी घेऊन आले. शेजारचे म्हणाले, किल्लीवर हातोडीने हलके ठोके द्या, मोकळी होते. दोन्हींना हात जोडून नको म्हटलं. चिपळूणच्या एका मेकॅनिकला फोन लावला, तो म्हणाला सकाळी बघू. किल्ली आतच, म्हणून गाडी कुलूपबंद करता येईना. फाटकाला कडी घातली आणि मी ओटीवर अंथरूण टाकलं. झोप अशी लागलीच नाही.

सकाळी सहाला पाहिलं तर स्क्रीन काळा, दार उघडल्यावर दिवाही नाही. बॅटरी पार गेलेली. सहज किल्लीला हात लावला, तर ती लॉकवर गेली आणि हातात आली!

मग शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल जोडून चालू केली, दोन दिवसांनी पुण्याला आलो. आज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुन्हा तेच. या क्षणी किल्ली गाडीत आहे आणि मी चौथ्या मजल्यावर हे टंकतोय. बॅटरी गेल्यावर किल्ली का सुटली? आणि आज रात्री काय करू?

---

दहाचा पाना | शनिवार, रात्री ९:२४

आधी आजची रात्र. बॉनेट उघडा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. बहुतेक जपानी-कोरियन गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. फक्त निगेटिव्ह, आणि तेच आधी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात, पाना लाल होतो. निगेटिव्ह आधी निघालं की तो धोका राहत नाही. सोडवलेली केबल कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, परत टेकता कामा नये.

टर्मिनल काढल्यावर किल्ली फिरवून पाहा. माझा अंदाज आहे की ती निघेल. मग दारं हाताने किल्लीनेच लावा, सेंट्रल लॉक चालणार नाही. उद्या टर्मिनल जोडल्यावर घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागेल, एवढंच.

---

कोकणवाट | शनिवार, रात्री ९:५२

निघाली!! वर आलो आणि पहिलं हे लिहितोय. टर्मिनल सुटलं, गाडीत बसलो, किल्ली फिरवली, स्टिअरिंगखालून बारीक आवाजही आला नाही, सरळ लॉकवर. पाना देशमुखांकडून, म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांकडून मागून आणावा लागला. मनापासून आभार. पण का ते सांगा आता.

---

सांजवेळ | शनिवार, रात्री १०:१५

धाग्यात मध्येच घुसते, माफ करा. माझं उलटं आहे. साधी गिअरची गाडी. किल्ली आत जाते पण फिरतच नाही. उतारावर घराबाहेर उभी असते. सकाळी मुलाला शाळेत सोडायचं असतं आणि नेमकं तेव्हाच होतं. काल इतका जोर लावला की किल्ली किंचित वाकली. हे किल्लीघराचं काम आहे का?

---

दहाचा पाना | शनिवार, रात्री १०:३१

@सांजवेळ ताई, जोर अजिबात लावू नका. किल्ली आत तुटली तर खरं दुखणं सुरू होईल.

तुमचं हे बहुतेक स्टिअरिंग लॉक आहे. किल्ली काढल्यावर स्टिअरिंगच्या दांड्यात एक लोखंडी खिट्टी बसते. उतारावर चाकं वळलेली किंवा कडेच्या दगडाला टेकलेली असली की सगळा ताण त्या खिट्टीवर येतो. खिट्टी दाबली गेली की ती मागे सरत नाही आणि ती सरल्याशिवाय किल्ली फिरत नाही. कुलपात बिघाड काहीच नसतो.

एका हाताने स्टिअरिंग ज्या बाजूला जरा जास्त हलतं तिकडे ओढून धरा, दुसऱ्या हाताने त्याच क्षणी किल्ली हलकेच फिरवा. एक बाजू नाही जमली तर दुसरी. सगळा जोर स्टिअरिंगवर, किल्लीला फक्त दोन बोटं. आणि उतारावर गाडी लावताना आधी हँडब्रेक ओढा, मग ब्रेकवरून पाय काढा, गाडी हँडब्रेकवर स्थिर होऊ द्या, चाकं सरळ करा, मग किल्ली काढा.

वाकलेली किल्ली मात्र वापरू नका. घरातली दुसरी, कमी वापरलेली किल्ली काढा. डुप्लिकेट करायची झाली तरी त्या चांगल्या किल्लीवरून करून घ्या. झिजलेल्या किल्लीची नक्कल झिजलेलीच निघते. आणि किल्लीत इमोबिलायझरची (चोरी रोखणारी) चिप असेल तर नुसत्या पत्र्याच्या नकलेने कुलूप फिरेल, इंजिन चालू होणार नाही.

---

तारजोडणी | रविवार, सकाळी ७:४०

मी कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, बावीस वर्षं हेच काम. कोकणवाट साहेब, तुम्ही प्रश्न फार नीट मांडलाय, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं.

तुम्हाला वाटतंय दोन दुखणी आहेत, किल्लीचं एक आणि बॅटरीचं एक. दुखणं एकच आहे, आणि ते किल्लीत नाही, बॅटरीतही नाही. ते गिअर लिव्हरच्या खाली आहे.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर ड्राइव्हवर ठेवून कुणी किल्ली काढून निघून जाऊ नये, गाडी घरंगळू नये, यासाठी सोय केलेली असते. लिव्हर पार्कमध्ये आली की तिथला एक नखाएवढा स्विच दाबला जातो. तो दाबला गेला नाही, तर इग्निशनच्या कुलपाशेजारी बसवलेल्या सोलेनॉइडला (करंटवर पिन हलवणारं चुंबक) करंट मिळत राहतो. त्याची पिन पुढे येते आणि किल्लीला एसीसीच्या पुढे लॉकवर जाऊ देत नाही. तुमच्या गाडीत लिव्हर पार्कवर आहे, पण गाडीला ते कळत नाहीये. म्हणून पिन बाहेर, किल्ली अडकलेली. किल्ली एसीसीवर म्हणजे स्क्रीन, टेप, चार्जिंगचं सॉकेट चालू. ते रात्रभर बॅटरी पीत राहिले. बॅटरी इतकी उतरली की सोलेनॉइडला पिन धरून ठेवायची ताकद उरली नाही, पिन मागे गेली, किल्ली सुटली. काल टर्मिनल काढल्यावर सुटली तेही यामुळेच.

मात्र सगळ्या गाड्यांत असं नसतं, हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा. काही गाड्यांत उलटी रचना असते: किल्ली सोडायला करंट लागतो. त्यात बॅटरी मेली की किल्ली अडकते. अशा गाड्यांत पुष्कळदा स्टिअरिंगखालच्या कव्हरमध्ये हाताने दाबायची सोय दिलेली असते, ती गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. तिथे टर्मिनल काढून काही होणार नाही.

तुम्ही आता एवढं करा. टर्मिनल जोडा, इंजिन चालू करून बंद करा. किल्ली अडकली की लिव्हर पार्कमध्येच पुढे रेटून धरा, वरचं बटन एकदा पूर्ण सुटू द्या, आणि त्याच वेळी किल्ली फिरवा. निघाली तर स्विचचं नक्की. मागच्या काही दिवसांत लिव्हरपाशी काही सांडलंय का?

---

कोकणवाट | रविवार, सकाळी ९:०५

तारजोडणी दादा, काय सांगू! लिव्हर पुढे दाबून धरली, टक् असा बारीक आवाज आला, किल्ली निघाली. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा दाबल्यावर निघते, सोडल्यावर अडकते.

आणि सांडलंय, हो. जाताना कुंभार्ली घाट उतरून खाली थांबलो होतो, तिथे कोकम सरबताचा ग्लास लेकीच्या हातून लिव्हरवरच उपडा झाला. वरवर पुसलं आणि विसरून गेलो. तो शुक्रवार, गुहागरला किल्ली अडकली तो रविवार. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं.

---

तारजोडणी | रविवार, सकाळी ९:२०

मग झालं. साखर. पाणी सांडलं असतं तर वाळून गेलं असतं, साखर वाळली की डिंकासारखी धरते. ऊसाचा रस, थंड पेय, चहा, सगळ्यांचं हेच. वरून डब्ल्यूडी-फोर्टी (गंज सोडवायचा स्प्रे) मारू नका, खालच्या प्लॅस्टिकला आणि ग्रीसला त्रास होतो. कन्सोल उघडून साफ करायला लागेल. तोवर लिव्हर दाबून किल्ली काढत जा. आणि दादा, रात्री उतरलेल्या बॅटरीचं काय केलंत? ती नुसती चालवून भरली असेल असं धरून चालू नका.

---

दहाचा पाना | रविवार, सकाळी १०:१०

बॅटरीचा हिशोब मांडतो, म्हणजे नव्या वाचकांनाही अंदाज येईल. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर ३५ तास. एसीसीवर स्क्रीन वगैरे धरून दोन-तीन अँपिअर गेले, तर साडेसात ते सहा या साडेदहा तासांत वीस-तीस अँपिअर-अवर संपले. जुन्या बॅटरीत मुळात ३५ उरलेलेच नसतात. म्हणून सकाळी शून्य.

छतातला ५ वॉटचा दिवा राहिला तर अर्ध्या अँपिअरहून कमी, एक रात्र सहसा निभते. हेडलाइट राहिले तर दोन्ही मिळून नऊ-दहा अँपिअर, दोन-तीन तासांत गाडी उचलत नाही. आणि काहीच चालू नसताना घड्याळ, अलार्म, इमोबिलायझर मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर जातातच. म्हणून २०२० च्या लॉकडाउनमध्ये महिना-दीड महिना उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या चालू झाल्या नाहीत.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर अल्टरनेटरकडे (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) बघा.

---

लाल डबा | रविवार, दुपारी १२:४०

आमच्या गावात बॅटरी उतरली की रस्त्यावरचा ट्रक थांबवतात आणि त्याच्यावरून केबल मारतात. ते सगळ्यात सोपं नाही का? नाहीतर चार माणसं लावून धक्का.

---

तारजोडणी | रविवार, दुपारी १:१५

@लाल डबा, ट्रकवरून अजिबात नको. मोठ्या ट्रकला आणि एसटीला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, म्हणजे २४ व्होल्ट. ते १२ व्होल्टच्या गाडीत गेलं तर ईसीयू (इंजिन कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा संगणक), स्क्रीन, अल्टरनेटर, काय काय जाईल सांगता येत नाही. माझ्याकडे असं जळलेलं एक इंजिन कंट्रोल युनिट घेऊन एक शिक्षक आले होते, बिचाऱ्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराचं काम झालं. ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचाच असतो, त्याच्यावरून चालतं, तरी स्टिकर वाचा.

आता केबल कशी जोडायची ते नीट सांगतो, कारण इथे चुकणारे फार. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. दोन्हींचं सगळं बंद. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग त्याच लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. आणि शेवटचं काळं टोक उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं नाही, ते त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लागताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर आलेला एक पोरगा मी बघितलाय. डोळे वाचले, पण थोडक्यात. म्हणून एवढं लिहितोय.

चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं राहू द्या, मग दुसरीला स्टार्टर मारा. चालू झाली की उलट्या क्रमाने काढा. केबल जाड तांब्याची हवी. बाजारात वरून जाड रबर आणि आत चार तारा असलेल्या केबल मिळतात, त्या तापतात आणि गाडी उचलत नाहीत.

धक्का फक्त गिअरच्या गाडीला. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून, वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक धक्क्याने चालू होत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो, स्टिअरिंग जड होतं, म्हणून उतारावर हे करू नका. आणि गाडी हलत असताना किल्ली कधीही काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

---

कोकणवाट | रविवार, दुपारी २:००

यात माझी एक भर. गुहागरला माझ्या गाडीचं तोंड माडाच्या आळ्याकडे होतं, दुसरी गाडी जवळ येईना. मागे ढकलायची तर गिअर पार्कमध्ये, आणि बॅटरी मेलेली असताना लिव्हर हलत नाही. गाडीच्या पुस्तकात सापडलं: लिव्हरशेजारी एक छोटं चौकोनी झाकण असतं, ते उचकटून आतल्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर दाबायचा, ब्रेक दाबलेला ठेवायचा, मग लिव्हर न्यूट्रलला येते. आधी हँडब्रेक लावला होता. पुस्तक गाडीतच होतं म्हणून निभावलं.

---

सांजवेळ | सोमवार, सकाळी ८:२०

@दहाचा पाना, आज सकाळी पुन्हा फिरत नव्हती. दुसरी किल्ली, स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलं, पहिल्या फटक्यात फिरली. शाळा वेळेवर. दोन महिने मी या गाडीला शिव्या देत होते. खूप खूप धन्यवाद. कुलपात तेल घालावं का आता?

---

दहाचा पाना | सोमवार, सकाळी ८:४५

वा, छान झालं ताई! तेल नको, त्यात धूळ बसते आणि वर्षभराने कुलूप खरंच जाम होतं. फारच खरखरत असेल तर ग्रॅफाइटची कोरडी पूड. आणि किल्लीला जडशीळ जुडगा असेल तर तो वेगळा करा, गाडी चालू असताना तो लोंबकळत राहतो आणि कुलूप झिजतं.

---

हिमवाट | सोमवार, सकाळी ९:३०

मिशिगनहून लिहितोय. जुडग्याचा मुद्दा हलका समजू नका. २०१४ साली इकडे जनरल मोटर्सने लाखो गाड्या परत बोलावल्या, कारण इग्निशन स्विच ढिला होता आणि जड जुडग्याने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत ऑनवरून सरकायची. इंजिन बंद, एअरबॅगही बंद. त्यात १२४ मृत्यू झाल्याचं भरपाई देताना मान्य केलं गेलं. तेव्हापासून माझ्या किल्लीला एकच कडी आहे, बाकी काही नाही.

बॅटरीबद्दल: इकडे उणे १८ अंशाला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि त्याच वेळी इंजिनचं तेल घट्ट झाल्याने स्टार्टरला जास्त जोर लागतो. पहिल्या कडाक्याच्या थंडीत पार्किंगमध्ये रोज कुणीतरी केबल मागताना दिसतं.

---

वैनगंगा | सोमवार, सकाळी ११:००

थंडी फक्त दाखवून देते, मारते ती गरमी. आमच्याकडे भंडाऱ्यात मे महिन्यात पंचेचाळीस अंश, बॉनेटखाली त्याहून किती असेल विचार करा. पाणी उडतं, आतल्या प्लेटा खराब होतात, आणि मग डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी गाडी उठत नाही. ज्या बॅटरीला झाकणं आहेत तिचं पाणी उन्हाळ्यात महिन्याला बघा. डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं किंवा फ्रिजचं पाणी नको, त्यात क्षार असतात.

---

मांडवीकाठ | सोमवार, दुपारी ४:१०

पणजीहून. किनाऱ्यावरच्यांनी बॅटरी बदलायच्या आधी अर्थची पट्टी बघावी. माझी गाडी टक् टक् करायची आणि उठायची नाही, दोघांनी बॅटरी गेली म्हणून सांगितलं. मीटरवर मात्र १२.५. शेवटी बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या पट्टीचा बोल्ट खाऱ्या हवेने गंजून हिरवा झालेला निघाला. पॉलिश पेपरने घासला, व्हॅसलिन लावलं, आजतागायत चालू आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा.

---

कोकणवाट | शनिवार, संध्याकाळी ६:३०

आठवडाभराने कळवतोय. आज गॅरेजमध्ये मुद्दाम शेजारी उभं राहून काम पाहिलं. लिव्हरभोवतीचं प्लॅस्टिक उचकटलं, चार स्क्रू काढले. खाली कोकमाचा जांभळट थर, काकवीसारखा, बोट लावलं तर तार सुटत होती. स्विच त्या थरात अर्धा बुडालेला. गॅरेजमधल्या मुलाने काडीने त्याचा बारीक दट्ट्या दाबून दाखवला: अर्ध्यावरच अडकायचा, जोर दिल्याशिवाय पूर्ण आत जायचाच नाही, म्हणून लिव्हर पार्कवर आली तरी तो नीट दाबला जात नव्हता. ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतलं, तरी टक् आवाज नीट येईना, म्हणून स्विच नवा घातला. आता किल्ली पहिल्या झटक्यात निघते. दहा-बारा वेळा चालू-बंद करून पाहिलं.

बॅटरी वाचली नाही. चार वर्षांची होती. दहा तास हळू चार्ज केली, रात्रभर ठेवल्यावर १२.३ दाखवत होती, पण लोड टेस्टला आठच्या खाली कोसळली. नवी घेतली, जुनी दुकानात परत दिली, तेवढी किंमत वजा झाली.

पुढच्या वेळी गुहागरला जाताना जाड केबल आणि १० नंबरचा पाना नानांच्या ओटीवर खुंटीला लावून येणार आहे. त्यांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, निगेटिव्ह कुठलं ते कसं ओळखायचं. वजाची खूण आणि काळी केबल, असं सांगितलं. म्हणाले, त्यावर मी लाल-काळ्या दोऱ्या बांधून ठेवतो.

---

तारजोडणी | शनिवार, रात्री ८:०५

फार बरं वाटलं. नानांना एवढंच सांगा, दोरी टर्मिनलवर नको, केबलच्या रबरावर बांधा, इंजिनच्या पट्ट्यापासून लांब. आणि नवी बॅटरी बसवल्यावर गाडी चालू ठेवून एकदा व्होल्ट मोजून इथे टाका.

---

कोकणवाट | शनिवार, रात्री ८:४०

मोजले. एसी आणि हेडलाइट चालू ठेवून १४.१.